खाज ही खाजगी बाब नाही : अँटिफंगल पावडर कुणी नीट वापरली आहे का?

ओलाचिंब | ९ जुलै, रात्री ११:४०

विषय जरा अवघड जागेचा आहे, सांभाळून घ्या. वय ३४, बदलापूर ते दादर रोजचा प्रवास. मे संपता संपता जांघेत खाज सुरू झाली. आधी वाटलं घामोळं. मग दोन्ही बाजूंना लालसर गोल चट्टे आले, कडेला बारीक पुरळ, मध्ये जरा बरी कातडी. आई म्हणाली, गजकर्ण आहे, पावडर मार भरपूर. मेडिकलमधून क्लोट्रिमॅझोलची डस्टिंग पावडर आणली. सकाळी आंघोळ झाली की मूठभर पावडर, वर जीन्स, आणि पळत स्टेशन. संध्याकाळी घरी येऊन बघतो तर जांघेत पावडरीचा लगदा, कणकेसारखा. खाज तशीच.

मग त्याच मेडिकलवाल्यानं एक ट्यूब दिली. काय सांगू, तिसऱ्या दिवशी सगळं गायब! ट्यूब बंद केली, आठवड्यात परत, तेही दुप्पट. परत ट्यूब, परत गायब, परत हजर. आता मांडीवरून मागे सरकलंय आणि बायकोच्या कमरेवरही एक चट्टा दिसतोय.

प्रश्न तीन. पावडर किती मारायची? किती दिवस? ट्यूब आणि पावडर एकत्र चालते का?

टीपकागद | १० जुलै, सकाळी ७:१५

शीर्षकाला पैकीच्या पैकी. उत्तर माहीत नाही, पण चर्चगेटच्या लोकलमध्ये उभा राहून वाचतोय आणि शेजारचेही माझ्या मोबाइलमध्ये डोकावून वाचतायत. दोघांनी खाजवलं सुद्धा.

गोळीपुडी | १० जुलै, दुपारी २:०५

औषधाच्या दुकानात काउंटरच्या आतल्या बाजूला १९ वर्षं काढली आहेत, त्यामुळे थोडं मोठं लिहितो.

पावडर वाईट नाही, पण तिच्याकडून काय मागायचं ते कळायला हवं. पावडरीत औषध थोडं असतं, क्लोट्रिमॅझोल असेल तर साधारण १ टक्का, मायकोनॅझोल असेल तर २ टक्के. बाकी सगळा ओल शोषणारा भुकटा. बुरशी कातडीच्या वरच्या थरात बसून तिथलं केराटिन, म्हणजे कातडीतलं कडक प्रथिन, खाते. क्रीम चोळलं की त्या थरात मुरतं, पावडर मुरत नाही, वर बसते. म्हणून चट्टा उठलेला असताना मुख्य औषध क्रीम, आणि पावडर ही जागा कोरडी ठेवायला आणि बरं झाल्यावर परत होऊ नये म्हणून. बोटांच्या बेचक्यात अगदी सुरुवातीची बुरशी असेल तर नुसत्या पावडरीनंही जाते कधी कधी. तुमच्यासारखी दीड महिना मुरलेली जात नाही.

तुमचा लगदा का झाला? ओल्या अंगावर मारली म्हणून. आंघोळीनंतर पाच मिनिटं पंख्याखाली उभे राहा. टॉवेल घासू नका, टिपा. जागा खरंच कोरडी झाली की पावडर हातावर घ्या आणि पोळी लाटताना पिठी लावतो तेवढी लावा. थापायची नाही. डबा थेट अंगावर झटकला की निम्मी हवेत जाते आणि नाकात येते. ओला लगदा घडीत बसला की उलट काचतो.

क्रीम आणि पावडर दोन्ही चालतात, पण एकावर एक नको. रात्री क्रीम, चट्ट्याच्या कडेबाहेर दोन सेंटिमीटरपर्यंत, कारण बुरशी कडेनं पुढे सरकते. सकाळी पावडर. दिसायचं बंद झालं म्हणून लगेच थांबवायचं नाही, साधारण दोन ते चार आठवडे धरून चालायचं आणि कातडी साफ दिसायला लागल्यावरही आठवडा-दोन आठवडे चालू ठेवायचं. आणि लावून झालं की हात साबणानं धुवायचे. हे कुणीच करत नाही.

पण हे सगळं नंतर. आधी सांगा, त्या ट्यूबवर काय लिहिलंय? नाव नको, आतली औषधं लिहा.

ओलाचिंब | १० जुलै, रात्री ९:५०

चश्मा लावून वाचलं. क्लोबेटासोल, ऑफ्लॉक्सासिन, ऑर्निडॅझोल, टर्बिनाफिन.

गोळीपुडी | १० जुलै, रात्री १०:२०

वाटलंच होतं. एका ट्यूबमध्ये सगळी वरात. यातलं टर्बिनाफिन तेवढं बुरशीचं. ऑफ्लॉक्सासिन जिवाणूंसाठी, ऑर्निडॅझोलही बुरशीचं नाही. आणि क्लोबेटासोल हे स्टेरॉइड, तेही साधंसुधं नाही, सगळ्यात कडक गटातलं. तिसऱ्या दिवशी जे "गायब" झालं ती लाली आणि खाज. बुरशी तिथेच होती, उलट तुमच्या कातडीची लढायची ताकद स्टेरॉइडनं झोपवल्यामुळे ती निवांत पसरली.

काउंटरवर गिऱ्हाइकांना मी एक खूण सांगतो. नावाच्या शेवटी 'झोल' असेल तर बहुतेक वेळा बुरशीचं औषध : क्लोट्रिमॅझोल, मायकोनॅझोल, केटोकोनॅझोल, ल्युलिकोनॅझोल. शेवटी 'सोन', 'सोल' किंवा 'लोन' असेल तर स्टेरॉइड : बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन. थोडक्यात, इथे झोल चांगला आणि सोनं खोटं. (ऑर्निडॅझोलनं माझ्या नियमाची वाट लावलीय, म्हणून 'बहुतेक वेळा' म्हटलं.)

आमच्या धंद्यातली चूक आहे, मान्य करतो. २०१८ मध्ये सरकारनं अशी १४ स्टेरॉइडं शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. तरी गिऱ्हाईक येतं, "खाजेचं काहीतरी स्ट्राँग द्या" म्हणतं, आणि समोरचा देतो. स्ट्राँग शब्दानं जेवढं नुकसान केलंय तेवढं बुरशीनं केलं नसेल.

निंबोळी | ११ जुलै, सकाळी ८:३०

एवढी रसायनं कशाला? कडुनिंबाच्या पाल्याच्या पाण्यानं आंघोळ करा आणि लसूण वाटून लावा. आमच्या आजीनं आयुष्यात डॉक्टर पाहिला नाही.

डबेवाली | ११ जुलै, सकाळी ९:०२

निंबोळीताई, कडुनिंबाच्या पाण्याला माझी हरकत नाही, नंतर कोरडं केलं म्हणजे झालं. पण लसूण?! माझ्या दिरानं पायावर वाटलेला लसूण रात्रभर बांधून ठेवला होता. सकाळी भाजल्यासारखे फोड. कच्चा लसूण कातडी जाळतो. ओलाचिंब यांची जागा बघता मला कल्पनाही करवत नाही.

भातलावणी | ११ जुलै, रात्री ८:१०

कुडाळकडचा आहे. तुम्हा लोकांचे बूट ओले, आमचे पायच ओले. सध्या तरवा (भाताची रोपं) काढणं आणि लावणी, सकाळी सातपासून पोटरीपर्यंत चिखलात. आठव्या दिवशी बोटांच्या बेचक्यात कातडी पांढरी पडते, सोलते, मग चिरा आणि आग. आम्ही चिखल्या म्हणतो. आई मेंदीचा पाला वाटून लावायची, बरं वाटायचं.

गेल्या वर्षीपासून मी पावडर वापरतो. शिकलो ते एवढंच की सगळा खेळ संध्याकाळच्या दहा मिनिटांचा. पाय धुतले की जुन्या धोतराचा फडका फाडून ठेवलाय, तो प्रत्येक बेचक्यातून ओढून घ्यायचा. मग चुलीपाशी पाय पसरून बसायचं. सुकले की पावडर. सकाळी शेतात जाताना पावडर मारण्यात अर्थ नाही, पहिल्या वाफ्यातच ती भाताला मिळते. सकाळी मी खोबरेल चोळतो, पाणी जरा कमी लागतं.

एक विचारायचं आहे. चीर पडून रक्त येत असेल तर त्यावर पावडर मारायची का? फार झोंबते.

गोळीपुडी | ११ जुलै, रात्री ९:००

नाही. उघड्या जखमेवर, पाणी गळणाऱ्या जागेवर पावडर नको, खपली होऊन आत अडकते. आणि चिखल्यांमध्ये दर वेळी बुरशीच असते असं नाही. नुसती पाण्यानं भिजून कुजलेली कातडी असते, कधी जिवाणू असतात. पाय लाल, गरम, सुजलेला दिसला, कणकण वाटली किंवा लाल रेघ वर चढताना दिसली तर पावडर बाजूला ठेवायची आणि त्याच दिवशी दवाखाना.

नागपूरची_मामी | १२ जुलै, दुपारी १:३०

माझ्या जाऊबाईंना साखर आहे. छातीखाली घडीत लाल चट्टे, आग, थोडा वास. सहा महिने त्या पावडर मारत होत्या, तीही घामोळ्याची, गार गार वाटते म्हणून. शेवटी तपासलं तर तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) ९.८! बुरशी कमी आणि साखर जास्त, अशी गत. साखरेची गोळी वाढवली, क्रीम दिलं आणि घडीत मऊ सुती कापडाची पट्टी ठेवायला सांगितली, तेव्हा कुठे उतरलं.

म्हणून ज्यांना साखर आहे त्यांनी, आणि ज्यांना "मला काही नाही हो" वाटतं पण हे सारखं सारखं होतं त्यांनीही, एकदा रक्त तपासून घ्या ना भाऊ. आणि घामोळ्याची पावडर वेगळी, बुरशीची वेगळी. डबे सारखेच दिसतात.

नवी_आई | १२ जुलै, दुपारी ३:४५

पाच महिन्यांचं बाळ आहे. डायपरच्या जागी लाल झालंय, घडीत जास्त, बाजूला बारीक ठिपके. सासूबाई म्हणतात, ही बुरशीची पावडर लावून बघ, मोठ्यांना चालते तर बाळाला का नाही?

त्वचा_बित्वचा | १२ जुलै, रात्री ११:५५

ड्यूटी संपवून लिहितेय. त्वचारोगात एमडी करतेय, दुसरं वर्ष. इथे कुणाला तपासू शकत नाही, त्यामुळे सगळं जनरल समजा.

नवी_आई, बाळाला पावडर नको, कुठलीच. भुकटी श्वासातून फुप्फुसात जाते आणि बाळांना ते महागात पडतं. घडीत लाली आणि बाजूला ठिपके म्हणजे कँडिडा (वेगळ्या जातीची बुरशी) असू शकतो, त्याला बाळांचे डॉक्टर क्रीम देतील. तोवर डायपर काढून जमेल तितका वेळ मोकळं ठेवा. सासूबाईंना सांगा, आमच्या ओपीडीत आज्या माझंही ऐकत नाहीत, तुम्ही एकट्या नाही.

ओलाचिंब, आता तुमच्याबद्दल. स्टेरॉइडखाली दबलेल्या नायट्याला आम्ही टिनिया इनकॉग्निटो म्हणतो, म्हणजे वेषांतर केलेला नायटा. कडा पुसट होतात, गोलात गोल दिसतात, नवखा डॉक्टरही फसतो. जांघेतली कातडी मुळात पातळ, तिथे क्लोबेटासोल महिनोन् महिने लावलं की कायमचे चरे पडतात, पोटावर बाळंतपणानंतर पडतात तसे. ते जात नाहीत. ट्यूब थांबवा, पण थांबवल्यावर काही दिवस लाली आणि खाज उसळेल. तेव्हा घाबरून परत ट्यूबकडे जायचं नाही, डॉक्टरकडे जायचं. बायकोलाही त्याच दिवशी घेऊन जा. एकाचं औषध आणि दुसऱ्याची खाज हे कधीच संपत नाही.

आणखी एक. दहा-बारा वर्षांपूर्वीपर्यंत नायटा म्हणजे दोन आठवड्यांचा पाहुणा होता, असं आमचे सर सांगतात. आता महिनोन् महिने मुक्काम. आपल्याकडे ट्रायकोफायटन या नायट्याच्या बुरशीची एक जात पसरली आहे, २०२० मध्ये तिला इंडोटिनी असं नावच मिळालं. तिच्यातल्या बऱ्याच बुरशीवर टर्बिनाफिन चालत नाही, ते औषध ज्या एंझाइमला पकडतं त्याच्या जनुकात बदल झालाय. त्यामुळे शेजाऱ्याची गोळी तुम्हाला लागू पडेल याची खात्री नाही.

आता प्रत्येक पेशंटला विचारते तो प्रश्न : कमरेला करदोडा आहे का?

ओलाचिंब | १३ जुलै, सकाळी ६:५०

आहे. काळा. आईनं बांधलाय. का?

त्वचा_बित्वचा | १३ जुलै, रात्री १०:३०

कारण तो कधीच वाळत नाही. आंघोळीला भिजतो, घामानं भिजतो आणि बुरशी धरून बसतो. वर औषध, खाली करदोडा, असं चाललेलं रोज बघते. आईची समजूत काढून बरं होईपर्यंत सोडा, नाहीतर चांदीचा घालून रोज धुवा-पुसा. घट्ट अंगठी, हातातले गंडेदोरे, घड्याळाचा पट्टा, सगळ्याला हेच लागू.

आणि हसू नका, पण आधी मोजे, मग चड्डी. पायाच्या बोटांत बुरशी असेल तर चड्डी चढवताना ती थेट जांघेत पोचते. पाय टॉवेलनं सगळ्यात शेवटी पुसायचे, किंवा पायांना वेगळा पंचाच ठेवायचा.

टीपकागद | १४ जुलै, सकाळी ७:२०

आधी मोजे मग चड्डी. आज केलं. बायकोनं दारात उभं राहून पाहिलं आणि काही न बोलता निघून गेली.

साताऱ्याचा_वारकरी | १४ जुलै, संध्याकाळी ६:००

दर वर्षी वारीत चालतो, म्हणून विचारतो. मांड्या घासून लाल होतात, चालताना जीव जातो. सगळे पावडर मारतात. तेही फंगसच का?

गोळीपुडी | १४ जुलै, रात्री ८:४०

ते काचणं, माऊली. घासून सोलतं ते बुरशी नाही. आग जास्त, खाज कमी, गोल कडा नाही, आणि दोन दिवस विश्रांती घेतली की उतरतं. त्याला निघायच्या आधी व्हॅसलीन चोळायचं. पावडर घामानं भिजली की तिचे गोळे होऊन जास्त घासतं. पण मुक्कामाला आठ-आठ जण एकच टॉवेल वापरत असाल तर मात्र फंगसही मिळेल प्रसादाला.

हडसनकाठ | १५ जुलै, पहाटे ४:१०

न्यू जर्सीहून. इथे डॉक्टरनं कातडी बघून पहिला प्रश्न केला, नुकतेच भारतात गेला होता का? २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये या इंडोटिनीच्या अमेरिकेतल्या पहिल्या दोन केसेस नोंदल्या गेल्या, तेव्हापासून दबकून असतात. आपण लोणची-पापड आणतो, आता हेही. गावाहून येताना बॅग भरून "ती गुणकारी ट्यूब" आणणाऱ्या सगळ्या काका-काकूंना हा धागा पाठवतोय.

शिबंवाला | १५ जुलै, रात्री ९:३०

पाठीवर, छातीवर पांढरट डाग, खाज नाही. पावडर चालेल?

त्वचा_बित्वचा | १६ जुलै, रात्री १२:२०

शिबं वाटतंय. त्याची बुरशी वेगळी. एवढ्या मोठ्या जागेवर पावडर पुरत नाही, केटोकोनॅझोल किंवा सेलेनियम सल्फाइडचा शॅम्पू अंगाला लावून धुतात, कसा आणि किती वेळा ते दाखवून ठरवा. बुरशी मेली तरी रंग भरून यायला महिने लागतात, तेवढ्यात "औषध लागू पडलं नाही" म्हणू नका. नखं आणि डोकं यांनाही पावडरीचा उपयोग नाही, तिथे बहुतेक वेळा पोटातलं औषध लागतं.

ओलाचिंब | २७ जुलै, रात्री १०:१५

अपडेट. दोघं जाऊन आलो. डॉक्टरांनी ब्लेडच्या बोथट कडेनं चट्ट्याच्या कडेवरचा कोंडा खरवडला, काचपट्टीवर घेतला, वर एक थेंब टाकला. पोटॅशियम हायड्रॉक्साइड म्हणाले. थोडा वेळ थांबून मायक्रोस्कोपमध्ये मलाही बघू दिलं. आधी नुसतं धुकं. मग त्यांनी गोल चाक जरासं फिरवलं आणि पेशींच्या फरश्यांवरून आडव्यातिडव्या गेलेल्या बारीक चकचकीत रेघा दिसल्या, मध्येच फांद्या फुटलेल्या. दोन महिने मी ज्याला "जरा खाज" म्हणत होतो ते हे.

इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूल दिल्यात. यकृत, हृदय, इतर गोळ्या, सगळं विचारून घेतलं. मी रोज सकाळी ॲसिडिटीची गोळी घेतो, ती तूर्त बंद केली, कारण ही कॅप्सूल जिरायला पोटात आम्ल लागतं, आणि ती भरल्या पोटी घ्यायची. बायकोला फक्त क्रीम, तिचा एकच चट्टा होता आणि तिला ट्यूब लागली नव्हती. पावडर चालू ठेवलीय, पण सकाळी, पंख्याखालच्या पाच मिनिटांनंतर, पिठीएवढी. थोडी बुटातही. बुटांचे दोन जोड आलटून पालटून, म्हणजे एक वाळतो.

ट्यूब थांबवल्यावर पाचव्या-सहाव्या रात्री जी खाज उठली ती लिहिण्यासारखी नाही. या धाग्यावरची ओळ आठवून थंड पाण्याची घडी ठेवली आणि बसून राहिलो.

करदोड्यावरून घरात दोन दिवस बोलाचाली बंद होती.

नागपूरची_मामी | २८ जुलै, सकाळी ११:००

आईंना म्हणावं, नजर लागण्याइतकं सुंदर तिथे सध्या काही नाही.

नवी_आई | ३० जुलै, दुपारी ४:१०

बाळ बरं आहे. कँडिडाच होता, क्रीमनं आठवड्यात उतरला. पावडरीचा डबा आता सासूबाई स्वतःच्या पायांना लावतात.

भातलावणी | १२ ऑगस्ट, रात्री ८:३०

लावणी संपली. पाय ठीक. फडका जिंदाबाद.

ओलाचिंब | ६ सप्टेंबर, रात्री ९:२५

शेवटचं अपडेट. खाज नाही, चट्टे नाहीत, काळसर डाग राहिलेत, ते हळूहळू जातील म्हणाले. मांडीच्या आत दोन चरे मात्र पडलेत, बोटाला लागतात. ते त्या ट्यूबचे. मेडिकलवाल्याला जाऊन सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग आता काय देऊ?"

कपडे वेगळे, कडकडीत पाण्यात धुतो, उन्हात उलटे वाळवतो. ऊन नसेल तेव्हा आई शिवणीवरून कडक इस्त्री फिरवते. काल तिच्या भिशीच्या बायका आल्या तेव्हा खुर्चीवर माझ्या सात चड्ड्या घडी करून ठेवलेल्या होत्या, शर्टांच्या वर. कुणीतरी विचारलंच. आईनं सगळं सांगितलं, करदोड्यासकट. रात्री त्यातल्या तिघींचे फोन आले, घरातल्या कुणाकुणाला आहे म्हणून.